वाढव आता

रिकाम्या खोलीत दिवा जळत राहिला की माझा जीव जळतो. याला सवय म्हणा, खोड म्हणा. तीस वर्षं वीज-तपासनीस म्हणून लोकांच्या घरांत फिरलो, त्यातून ती लागली. मिरजेत माझी ओळख अशी की मी दारात दिसलो की लोक आधी पंखा बंद करायचे आणि मग 'या, बसा' म्हणायचे. उन्हाळ्यात मला फारसं कुणी बोलवत नसे, हे त्यामुळेच असावं. माझी मुलगी ऋजुता शाळेत मैत्रिणींना सांगायची, "आमच्या बाबांना स्वर्गात पाठवलं तर तिथले दिवे मोजून परत येतील." मला त्याचा अभिमान वाटायचा.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं ते याच खोडीतून घडलं. यंत्राने सांगितलं तेवढंच केलं.

ऋजुताला बाळंतपणाआधी, सातव्या महिन्यात, गळ्याशी गाठ लागली. थायरॉइडचा कर्करोग निघाला. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, हा त्यातल्या त्यात समजूतदार आहे. डिसेंबरात निरू जन्मली, जानेवारीत गाठ काढली, आणि राहिलेल्या पेशी मारण्यासाठी मे महिन्यात किरणोत्सारी आयोडीन द्यायचं ठरलं. थायरॉइडच्या पेशी रक्तातलं आयोडीन आधाशासारखं ओढून घेतात. तेव्हा आयोडीनमध्येच मारक किरणं घालून पाजायची, म्हणजे त्या आपणहून खातात आणि मरतात. अडचण एवढीच की दूध पाजणाऱ्या बाईच्या अंगात तेच आयोडीन छातीतही साठतं आणि दुधात उतरतं. म्हणून औषधाच्या सहा आठवडे आधी दूध पुरतं थांबवायचं, आणि या बाळासाठी पुन्हा सुरू करायचं नाही.

म्हणजे मार्च संपेपर्यंत जेवढं दूध काढून ठेवता येईल, तेवढंच निरूच्या वाट्याचं. त्यात निरूला गाईचं दूध सोसेना, अंगावर गांधी उठायच्या. डॉक्टरांनी एक खास पावडर दिली होती. तिचा वास असा, की बाटली जवळ नेली की पोर तोंड फिरवायची. ऋजुताने ठरवलं, पावडरीबरोबर रोज चार वेळा तरी आपलं दूध गेलं पाहिजे, आणि ते जूनमधल्या उष्टावणापर्यंत पुरलं पाहिजे. "पहिला भाताचा घास माझ्या दुधात कालवून द्यायचा," ती म्हणाली. "तेवढं झालं की मला काही नको."

स्वयंपाकघरातल्या फ्रीजचा वरचा खण एवढ्या पिशव्यांना कुठून पुरणार? आणखी एक फ्रीजर घ्यायचा ठरला आणि अर्थातच निवडायचं काम माझ्याकडे आलं. घरात वीज-वैद्य असताना दुसऱ्याला कोण विचारतो?

दुकानात दोन जवळजवळ ठेवले होते. एक साधा, वरून झाकण उघडणारा पांढरा पेटीफ्रीजर. एक फिरवायचं बटण, एक तांबडा दिवा, आणि आतलं तापमान चढलं की कर्कश बोंबलणारा भोंगा. दिवसाला सव्वा युनिट खाणार. त्याच्या शेजारी हिमकोठी. दिवसाला अर्ध्या युनिटाच्याही आत.

हिमकोठीचं मला फार कौतुक होतं. दोन हजार अडतीस सालापर्यंत आपल्याकडे विजेचं तंत्र उलटंपालटं झालं होतं. दुपारी उन्हाची वीज इतकी यायची की ठेवायची कुठे हा प्रश्न, आणि संध्याकाळी सातला सगळं शहर वीज मागायचं तेव्हा सूर्य गेलेला. हिमकोठी दुपारी पोटभर खाऊन उरलेला दिवस उपास करायची. तिच्या भिंतींत मीठपाणी भरलेलं असे. जुन्या आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फावर मीठ का टाकायचे, ते आठवा. मीठ ठरावीक प्रमाणात मिसळलं की पाणी शून्याला न गोठता उणे एकवीसला गोठतं. आणि एकदा गोठलं की वितळताना भरपूर उष्णता गिळतं, पण सगळं वितळून होईपर्यंत स्वतः उणे एकवीसवरच बसून राहतं. म्हणून यंत्र दुपारी तीन-चार तास चाललं की पुरे. केव्हा चालायचं ते शहरातल्या विजेचा अंदाज घेऊन ते स्वतः ठरवायचं. बटण नाही, भोंगा क्वचितच. बोलायचं आणि ऐकायचं.

मी दुकानदारालाच हे सगळं समजावून सांगत होतो. ऋजुता बाकावर बसली होती, गळ्याला रुमाल बांधलेला.

"बाबा," ती म्हणाली, "साधा घ्या."

"अगं, तिप्पट वीज खातो तो."

"खाऊ दे. ज्याला काही कळत नाही असा घ्या."

मी हसलो. दुकानदारही हसला. आणि मग मी तिला, आजारी मुलीला, भर दुकानात दहा मिनिटं व्याख्यान दिलं. शेवटी ती म्हणाली, "बरं, तुम्हाला कळतं ते करा." दमलेलं माणूस म्हणतं तसं म्हणाली. मला तो होकार वाटला.

आता त्या यंत्रांच्या ऐकण्याबद्दल सांगायला हवं.

त्याच्या आठ वर्षं आधी घरोघरी बोलकी यंत्रं आली तेव्हा पहिली तक्रार आमच्याच घरातून गेली होती. माझी आई, आम्ही तिला आक्का म्हणतो, नांद्र्याची. शुभ-अशुभाच्या बाबतीत कडक. तिच्या तोंडात 'दिवा विझव' किंवा 'बंद कर' कधी यायचं नाही. दिवा वाढवायचा, नारळ वाढवायचा, दुकान वाढवायचं, बांगडीदेखील फुटायची नाही, वाढायची. घराबाहेर पडताना 'जाते' नाही, 'येते'. तर पहाटे उठून आक्का नव्या दिव्याला म्हणाली, "दिवा वाढव." दिवा लख्ख झाला. ती पुन्हा म्हणाली, "अरं वाढव." आणखी लख्ख. तिसऱ्यांदा ओरडली तेव्हा शेजारचे उठून बघायला आले, यांच्याकडे लग्न आहे की काय म्हणून.

हा किस्सा मी आमच्या वीज सहकारी संस्थेत सांगितला आणि यंत्रांना घरगुती मराठी शिकवायच्या समितीवर माझी नेमणूक झाली. मी हौसेने यादी केली. साठीच्या पुढचा आवाज असेल आणि नुसतं 'वाढव' म्हटलं असेल, तर अर्थ 'बंद कर' असा घ्यावा. उत्तरही त्यांच्याच शब्दात द्यावं, वडीलधाऱ्यांपुढे 'बंद' म्हणू नये. आवाजावरून यंत्राला वय साधारण कळायचं. सत्तर ठेवावं की साठ, असा वाद झाला तेव्हा मीच म्हणालो, "साठ म्हणजे म्हातारा. त्यात काय विचार करायचा?" मी तेव्हा त्रेपन्न वर्षांचा होतो. माझ्या यादीचं फार कौतुक झालं, शाल मिळाली, आणि आक्का महिनाभर सगळ्यांना सांगत होती की सरकारनं माझी भाषा लिहून घेतली.

हिमकोठी मागच्या खोलीत बसली. जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंत ऋजुता दूध काढत होती. टाके ओले असताना, ताप असताना, कंटाळून रडत असतानाही. प्रत्येक पिशवीवर तारीख, आणि तारखेखाली एक ओळ. 'आज तू पहिल्यांदा हसलीस, पण पंख्याकडे बघून.' 'आज आक्काच्या मांडीवर तीन तास झोपलीस.' 'आज मला फार भीती वाटली.' निरू मोठी झाली की तिला या पट्ट्या देणार होती. तीनशेच्या वर पिशव्या झाल्या. एकतीस मार्चच्या पिशवीवर तिने फक्त 'शेवटची' असं लिहिलं आणि ती तळाशी एका डब्यात वेगळी ठेवली, उष्टावणाच्या भातासाठी.

आता दार उघडलं की थंडी जाते. हिमकोठीचंही झाकण वरच होतं, थंड हवा जड असल्यामुळे बरीचशी खालीच राहते, तरी थोडी जातेच. म्हणून मी नियम केला. हिमकोठी फक्त रविवारी उघडायची, आठवड्याच्या पिशव्या काढून स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये ठेवायच्या, आणि मग आठ दिवस तिच्याकडे फिरकायचं नाही. आक्का म्हणाली, "एवढं कशाला रं? रोज बघितलं म्हंजे जिवाला बरं वाटतं." मी तिला हवेचं वजन समजावलं.

मे महिन्यात ऋजुताला आयोडीन दिलं. तिच्या अंगातून किरणं बाहेर पडत असल्यामुळे तिला बाळाजवळ यायची परवानगी नव्हती. चार दिवस रुग्णालयात आणि पुढे तीन आठवडे सांगलीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये. जावई, जयदीप, तिचं बघायचा आणि रविवारी निरूला पाहायला मिरजेला यायचा. मुलगी आमच्याकडे, म्हणजे माझ्याकडे आणि आक्काकडे. त्र्याऐंशी वर्षांची माझी आई त्या दिवसांत वीस वर्षांनी लहान झाली होती. निरूला मांडीवर घेऊन दिवसभर तिचं काहीतरी गुणगुणणं चाललेलं असायचं.

तो सोमवार होता. पारा त्रेचाळीसच्या पुढे. मला सर्दी-खोकला झाला होता, आवाज पार बसलेला. दुपारी एकच्या सुमाराला मी मागच्या खोलीत गेलो. उन्हाच्या लाटेने शहरभर एसी विजेचा फडशा पाडत होते, त्यामुळे हिमकोठीची पाळी अजून आलेली नव्हती आणि तिच्या भिंतींतलं मीठपाणी वितळून संपत आलं होतं. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आतलं तापमान उणे एकोणीस आहे."

मला बरं वाटलं नाही. दुधासाठी थोडी जास्त थंडी हवी. मी खोकलो आणि म्हणालो, "वाढव आता."

"बरं. वाढवते," हिमकोठी म्हणाली.

झाकणावरचा बारीक निळा दिवा गेला. मला वाटलं, चला, उगाच जळत होता, तेवढीच बचत. खोलीचं दार लावून मी निरूची बाटली गरम करायला गेलो.

एकसष्ट वर्षांच्या, खोकल्याने बसलेल्या आवाजात मी नुसतं 'वाढव' म्हणालो होतो. थंडी हा शब्द मनातच राहिला. आणि हिमकोठीने माझ्याच यादीप्रमाणे, घरातल्या वडीलधाऱ्याचा मान राखून, स्वतःला बंद करून घेतलं. सांगून बंद झालेल्या यंत्राने भोंगा कशाला वाजवायचा? तोही नियम आम्हीच केला होता, म्हाताऱ्या माणसांना दचकवू नये म्हणून.

रविवारी सकाळी जयदीप आला. ऋजुता सांगलीहून फोनच्या पडद्यावर होती, निरूला बघत होती. मी मागच्या खोलीत जाऊन झाकण उघडलं आणि आंबट वास आला. पिशव्या मऊ झाल्या होत्या. वर सायीचा थर, खाली निळसर पाणी, काही फुगून टम्म झालेल्या. तळाला पाणी साचलं होतं आणि त्यात शाई विरघळून पट्ट्यांवरची अक्षरं पसरली होती. साडेतीनशेपैकी एकशे चाळीस पिशव्या उरल्या होत्या. मी एकेक हातात घेऊन दाबून बघत होतो, एखादी तरी घट्ट लागेल म्हणून.

जयदीप फोन हातात घेऊनच आत आला होता. पडद्यावरून ऋजुता म्हणाली, "बाबा, डब्यातली बघा. शेवटची."

मी डबा उघडून ती पिशवी वर धरली. आतलं दूध हललं. तिने ते पाहिलं आणि पडद्यावरून बाजूला झाली, मग फक्त त्यांच्या घराची भिंत दिसत राहिली.

जयदीपने हिमकोठीला विचारलं, "कधी बंद पडली?"

"सोमवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी वाढवली," ती अदबीने म्हणाली. थंड करणं थांबलं तरी तिचं ऐकणं-बोलणं चालूच होतं. "घरातल्या ज्येष्ठ व्यक्तीच्या सांगण्यावरून. शब्द होता, वाढव."

आम्ही दोघांनी वळून पाहिलं. दारात आक्का निरूला घेऊन उभी होती.

खोटं सांगत नाही. मला त्याच क्षणी आठवलं. खोकला, उणे एकोणीस, निळा दिवा, सगळं. तोंड उघडायला एक श्वास पुरला असता. पण जयदीप आक्काकडे बघत होता, आणि आक्का गोंधळून म्हणाली, "मी? मी म्हटलं व्हय?" आणि मग, माझ्याकडे बघत, "म्हटलं असंल बाबा. माझ्या तोंडाला तीच सवय हाय."

मी गप्प बसलो. मनात म्हटलं, म्हातारीला कोण बोलणार आहे? तिला सगळे माफ करतील. मला करणार नाहीत. दुकानातलं ते व्याख्यान, रविवारचा नियम, साधा घ्या म्हणणारी पोरगी. हे सगळं एका शब्दाने माझ्या अंगावर येणार होतं, आणि तो शब्द आईने आपणहून उचलून घेतला होता. मी तो घेऊ दिला. माझ्या आयुष्यात याहून नीच काम मी केलेलं नाही.

आक्काने दूध मोरीत ओतू दिलं नाही. "पोरीच्या आईचं दूध हाय," म्हणाली, आणि एकेक पिशवी स्वतः कापून परसातल्या चाफ्याच्या बुंध्याशी रिकामी केली. दुपारभर करत होती. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "तू ऱ्हाऊ दे. मी केलंय, मी निस्तरते."

निरू पावडरीवर वाढली. पहिले चार दिवस रडली, मग प्यायला लागली. जूनमध्ये उष्टावण झालं, भात साध्या पाण्यात कालवला. ऋजुता बरी झाली. कुणाचं काही अडलं नाही. ती आक्काला एका शब्दाने बोलली नाही. फक्त तिच्या मांडीवर निरूला ठेवेना. आक्का हात पुढे करायची आणि ऋजुता म्हणायची, "असू दे, तू दमशील." दोनतीनदा असं झाल्यावर आक्काने हात पुढे करणं सोडलं. सांगलीहून येणंही महिन्यावर, मग सणावारावर गेलं.

आणि आक्का बोलायची थांबली. मला कळायला वेळ लागला, कारण ती रुसली नव्हती, आजारी नव्हती. घरात दिवे ऐकत होते, पंखे ऐकत होते, शेगडी, दार, पाण्याचा पंप ऐकत होता. आपल्या तोंडातून काय निघेल आणि कोण काय समजेल, या भीतीने ती घरात तोंडच उघडेना. दिवा नको असला की माझ्याकडे बघायची. काही सांगायचंच असलं की मला परसात चाफ्याखाली बोलवायची, तिथे कुठलं यंत्र नव्हतं, आणि मग हळू आवाजात म्हणायची, "डाळ संपलीया." एवढ्यासाठी ती पायऱ्या उतरून यायची. तिचं गुणगुणणं तर कायमचं गेलं.

मी सगळी यंत्रं काढून जुनी बटणं बसवून घेतली. हिमकोठी तर पहिल्याच आठवड्यात गेली होती. वीज जास्त जायला लागली, जाऊ दे म्हटलं. पण आक्काचा विश्वास बसेना. "भिंतीत असतील," म्हणायची.

ती आवाजाची नोंद मात्र मी ठेवली होती. यंत्र परत करताना उतरवून घेतली. दोन शब्द आणि त्यांच्याआधीचा खोकला. दोन वर्षं ती माझ्या फोनमध्ये होती आणि रोज मी ठरवत होतो, उद्या सांगू.

दोन वर्षांनी नागपंचमीला ऋजुता आली. कासाराकडून हातभर हिरव्या बांगड्या भरून आली होती. दुपारी चौघं परसात बसलो होतो. निरू आईच्या हाताशी झोंबत होती, तिला बांगड्यांचा आवाज हवा होता. ओढाओढीत एक बांगडी खट्‌कन तुटली.

"फुटली बघ," आक्का म्हणाली. "काच गोळा कर, पोरीच्या पायाला लागंल."

ऋजुता काच वेचायला वाकली होती, ती तशीच थांबली. "आक्का, काय म्हणालीस?"

"फुटली म्हटलं."

सवाष्णीच्या हातातली बांगडी फुटली असं माझी आई म्हणाली होती. ऋजुताला तिने लहानपणी याच शब्दावरून चापट मारली होती. "फुटली नाही म्हणायचं गं, वाढली म्हण," असं दरडावलं होतं. ऋजुता माझ्याकडे बघायला लागली आणि तिचे डोळे भरले.

"तो शब्द सोडला मी," आक्का शांतपणे म्हणाली. "लई महाग पडला."

मग माझ्याने राहवलं नाही. मी सांगितलं. सोमवार, खोकला, उणे एकोणीस, यादी, साठ वर्षं, सगळं. निरू काचेच्या तुकड्याकडे बोट दाखवत होती, तिला मी मागे ओढून धरलं होतं.

ऋजुता म्हणाली, "दुधाचं मी केव्हाच सोडून दिलं होतं बाबा. पोर जगली, मी जगले, अजून काय पाहिजे? पण दोन वर्षं मी तिला आक्काच्या मांडीवर दिलं नाही. आता ती मांडीवर बसायची राहिली, नुसती पळते. हे मी कुठून आणू?"



मी आक्काकडे वळलो. तिचे पाय धरले. "आक्का, तू काही केलं नाहीस. मी केलं. आणि तुझ्यावर जाऊ दिलं."

आक्का माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"येडा का काय तू? मला आठवतंय की. दुपार होती. पोर नुकती निजली होती. मी हात पुसत मागच्या खोलीत गेले, ती पेटी घुरघुर करीत होती, म्हटलं पोर उठंल. म्हणून म्हटलं, वाढव आता."

"तू गेलीच नव्हतीस आक्का. तू पुढच्या खोलीत होतीस, निरू तुझ्या मांडीवर होती."

"मला सांगतोस? डोळ्यापुढं हाय माझ्या."

मी फोन काढला, नोंद लावली. खोकला आला, मग दोन शब्द. बसलेला, घोगरा, म्हातारा आवाज.

आक्काने चटकन डोक्यावरून पदर घेतला. "ह्यांचा आवाज कुठनं काढलास?" ती म्हणाली. "असंच म्हणायचे. दुकान वाढव आता, भूक लागली."

माझे वडील जाऊन तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती. त्यांचं गावात वाण्याचं दुकान होतं. मी म्हटलं, "माझा आवाज आहे आक्का हा. माझा." ती ऐकत नव्हती. "परत लाव," म्हणाली. मी परत लावला. चारदा लावला. चौथ्या वेळी तिने डोळे पुसले आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"आईसाठी कोण एवढं खोटं बोलतंय?" ती ऋजुताला म्हणाली. "माझं पाप आपल्या डोक्यावर घ्यायला निघालाय. लेक असावा तर असा."

ऋजुताने मान फिरवली. मी पुन्हा सांगायला गेलो, पण आक्का गुडघ्यांवर हात टेकून उठली होती. आता तिला काहीही सांगितलं असतं तरी ते तिला माझ्या मायेचंच वाटलं असतं. खरं बोलायला मी दोन वर्षं उशीर केला, आणि तेवढ्यात तिने माझी चूक स्वतःच्या आठवणीत नेऊन ठेवली होती. हात पुसण्यासकट.

निरू पायऱ्यांपर्यंत तिच्या मागे गेली. आक्काने उंबऱ्याशी थांबून तिच्यासमोर बोट धरलं आणि वळून आम्हाला म्हणाली, "चला, उशीर झाला. जेवायला देते."

पूर्वी म्हणायची, पानं वाढते.